आयर्विन पुलाच्या फुटांवरून देस

जुलै लागला की सांगलीत माणसं एकमेकांची खुशाली विचारत नाहीत, "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पाण्याची पातळी तिथे मोजतात. उत्तर फूट-इंचांत येतं. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. मी गणित शिकवते आणि भजनी मंडळात पेटी धरते. अशा बाईच्या वहीत फूट-इंचांची ओळ पडली तर ती वाजवून बघायचा मोह होणारच. कसं करायचं ते सांगते. तुमची नदी वेगळी असेल, राग वेगळा घ्याल, पण रीत हीच.

साहित्य फार नाही. पेटी, चौकटींची वही, आणि पाणीपातळीच्या ओळीने लिहिलेल्या नोंदी. संगणक हवा असेल तर शेवटी.

आधी नोंदींविषयी. जलसंपदा विभागाचे आकडे पावसाळ्यात वर्तमानपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून गावभर फिरत असतात. त्यातली एक खोच आधीच लक्षात घ्या. "४३.४ फूट" असं छापलेलं असतं, तेव्हा ते ४३ फूट ४ इंच असतं की दशांश अपूर्णांक, हे ठरवायला लागतं. त्याच यादीत कुठे ४३.१० किंवा ४३.११ दिसलं, तर ते इंच आहेत हे नक्की. ठरलं की सगळ्यांचे सरसकट इंच करून टाका. फूट गुणिले बारा अधिक इंच. पुढचं सगळं गणित इंचांत सोपं जातं. मधली एखादी नोंद सापडली नाही तर आजूबाजूची सरासरी काढून ती भरू नका. तिथे विश्रांती ठेवा. जी नोंद कुणी घेतलीच नाही, तिचा स्वर कुठून आणणार?

आता स्वर. हे काम करणारे बहुतेक जण सगळ्यात लहान आकड्याला सा देतात, सगळ्यात मोठ्याला तार सा, आणि मधलं अंतर सारखं वाटून टाकतात. वाजवून बघा. घसरगुंडीवरून वर जाऊन खाली आल्यासारखं वाटतं, दुसऱ्यांदा ऐकवत नाही. याचं कारण असं की आकड्याला किंमत असते तशी दिशाही असते, आणि या सरळ मोजपट्टीत दिशा गळून पडते. सांगलीत तर ४३ फूट ही बातमीच दोन प्रकारची आहे. चढताना ४३ म्हणजे धान्याचे डबे माळ्यावर टाका, गाडी विश्रामबागेकडे नेऊन लावा. उतरताना ४३ म्हणजे खराटे आणि फिनाईल काढून ठेवा. दोन्ही वेळा एकच स्वर वाजला तर काहीतरी चुकतंय.

आपल्या संगीतात याची सोय आधीपासून आहे. रागाला आरोह वेगळा, अवरोह वेगळा. म्हणून आकड्याचा स्वर ठरवण्याआधी पाणी चढतंय की उतरतंय ते बघायचं. चढत असेल तर आरोहाची पट्टी, उतरत असेल तर अवरोहाची. सगळ्या खटाटोपाचं मर्म एवढंच आहे, बाकीचं कारकुनी काम.

राग मी देस घेते. आरोहात सा रे म प नि सां, गंधार-धैवत वगळलेले, निषाद शुद्ध. अवरोहात सां नि॒ ध प म ग रे सा, निषाद कोमल. चढ मोजका आणि उतार भरगच्च, हे नदीला शोभतं. पाऊस म्हटल्यावर मल्हार सगळ्यांनाच सुचतो. घेऊ नका. मियाँ मल्हारातला आंदोलित गंधार आणि त्या दोन निषादांची घसट पेटीच्या पट्ट्यांत मावत नाही, नियमात तर त्याहून नाही. भीमपलास चालेल, खमाज चालेल. भूप मात्र इथे कुचकामी, त्याच्या चढाउतारात तेच पाच स्वर.

मोजपट्टी बांधताना खुंटे आधी रोवायचे. धोका पातळी ४५ फूट म्हणजे ५४० इंच, तो तार सा. इशारा पातळी ४० फूट म्हणजे ४८० इंच, तो पंचम. देसच्या आरोहात पंचम ते तार सा दोन पायऱ्या, म्हणजे एका पायरीला ३० इंच. तीच पायरी खाली चालवली की पट्टी आपोआप तयार होते:

आरोह: सा ३९०, रे ४२०, म ४५०, प ४८०, नि ५१०, सां ५४०.

अवरोहात सा, रे, म, प जागचे हलवायचे नाहीत. पंचम आणि तार सा यांच्यामधल्या साठ इंचांत दोन स्वर बसवायचे, रे आणि म यांच्या मधोमध गंधार:

अवरोह: सां ५४०, नि॒ ५२०, ध ५००, प ४८०, म ४५०, ग ४३५, रे ४२०, सा ३९०.

सप्तक १५० इंचांचं झालं. मंद्रासाठी १५० वजा, तारासाठी १५० अधिक. मंद्र सा २४० इंचांवर येतो, म्हणजे बरोब्बर २० फुटांवर. त्याखाली मी काहीच वाजवत नाही, नुसता तानपुरा.

वर्गातल्या एका पोराने विचारलं, "बाई, आणि पाणी सां च्या वर गेलं तर?" गेलेलं आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. तार सा च्या वर आणखी १५० इंच म्हणजे ६९० इंच, ५७ फूट ६ इंच. या पट्टीवर तो अतितार षड्ज. तो कुणी मुद्दाम बसवलेला नाही, ४० आणि ४५ हे खुंटे रोवल्यावर आपसूक तिथे आला. पेटीवर तो हवा असेल तर सा निवडताना भान ठेवा. पांढरी एक किंवा काळी एक घेतलीत तर साडेतीन सप्तकांच्या पेटीवर अतितार सा उजव्या टोकाला सापडतो. काळी चार-पाचमध्ये बसलात तर तो पेटीबाहेर.

नियम तीन. वहीच्या पहिल्या पानावर शाईने लिहा, आणि आकड्यांना हात लावायच्या आधी लिहा.

पहिला: शेवटच्या वाजलेल्या नोंदीपेक्षा तीन इंच किंवा जास्त फरक पडला तरच नवा स्वर, नाहीतर आधीचाच लांबवायचा. "शेवटच्या वाजलेल्या" हे शब्द महत्त्वाचे. पाणी दर नोंदीला दोन-दोन इंच उतरत असेल आणि तुम्ही फक्त लगतच्या नोंदीशी तुलना केलीत, तर फरक कधीच तीन इंच होणार नाही. नदी पात्रात परत जाईल आणि तुम्ही तार सा वरच बसून राहाल.

दुसरा: फरक वरचा असेल तर आरोहाच्या पट्टीतला जवळचा स्वर, खालचा असेल तर अवरोहाच्या पट्टीतला. दोन स्वर अगदी सारख्या अंतरावर आले तर पाणी ज्या दिशेला चाललंय त्या दिशेचा.

तिसरा: तोच स्वर पुन्हा आला तर नवा ठोका द्यायचा नाही, भाता चालू ठेवून सूर धरायचा.

आता सरावाला आकडे. हे कुठल्या वर्षाचे नाहीत. चढउतार पटकन दिसावा म्हणून मी मनाने घेतलेत आणि मुद्दाम भराभर हलवलेत. फूट आणि इंच असे वाचा:

३३-०, ३४-८, ३६-०, ३८-२, ३९-९, ४१-१०, ४३-०, ४४-६, ४४-८, ४४-३, ४३-०, ४१-६, ३९-११, ३८-०, ३६-६, ३५-२, ३३-०.

पहिले दोन-तीन हाताने करून बघू. ३३ फूट म्हणजे ३९६ इंच, जवळचा सा. ३४-८ म्हणजे ४१६, वर चाललंय, आरोहातला रे. ३६-० म्हणजे ४३२; आरोहात गंधार नाही, रे बारा इंचांवर आणि म अठरा इंचांवर, म्हणून पुन्हा रे, सूर धरून ठेवायचा. असं करत गेलात की ही ओळ मिळते (ऽ म्हणजे आधीचाच सूर धरलेला):

सा रे ऽ म । प नि ऽ सां । ऽ ऽ नि॒ ध । प म ग रे । सा

सतरा नोंदी, सोळा मात्रा आणि पुढची सम, म्हणजे तालाच्या पुढच्या फेरीची पहिली मात्रा. आता दोन्ही ४३ फूट शोधा. सातव्या मात्रेला ५१६ इंच चढता आहे, तिथे शुद्ध निषाद. अकराव्या मात्रेला तेच ५१६ इंच उतरतं आहे, तिथे कोमल. आकडा एकच, पण पूर येतोय की ओसरतोय हे डोळे मिटूनही कळतं. हे झालं की तुमची मोजपट्टी बरोबर बसली.

देसची उतरण ग रे ग सा अशी असते. नियमाने आलेला सरळ रे-सा जाणकारांना कोरडा वाटेल. मी चौथा नियम ठेवलाय: अवरोहात रे वरून सा वर येताना मध्ये गंधाराचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, द्यायचा. असले रागापुरते नियम हवे तेवढे करा, पण ते आधी लिहिलेले हवेत आणि सगळीकडे लागू हवेत. ओळ वाजवून झाल्यावर "इथे जरा प घेतला तर गोड लागेल" म्हणून आकडा डावलायचा नाही. गोड करायचंच असेल तर नियम बदला आणि पहिल्या नोंदीपासून सगळं पुन्हा काढा. हे पथ्य मोडलं की मग ती तुमची नेहमीचीच चाल झाली, नदी उगीच नावापुरती.

खरे आकडे बसवायला घ्याल तेव्हा ओळ अशी सुबक येणार नाही. कृष्णा चढते झपाट्याने आणि उतरते इंचाइंचाने. म्हणजे आरोह चार-सहा मात्रांत संपतो आणि अवरोह आवर्तनंच्या आवर्तनं खातो. पहिल्यांदा कंटाळवाणं वाटेल, पण ते कापू नका. कोमल निषादावर तीन आवर्तनं थांबायला लागलं तर थांबा, भाता सावकाश ठेवा. पुराच्या दिवसांत ज्याने घराच्या पायरीवर बसून पाणी एक वीट खाली गेलं का ते पाहिलंय, त्याला हा लांबलेला निषाद काय आहे ते सांगावं लागत नाही.

लय ठरवायला सोपा हिशेब. दर तीन तासांची नोंद मिळाली तर दिवसाला आठ, दोन दिवसांच्या सोळा: दोन दिवसांचं एक तीनतालाचं आवर्तन. मिनिटाला साठ मात्रांची लय धरली तर १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस ६१ आवर्तनांत, म्हणजे सव्वासोळा मिनिटांत बसतात. तीन-तीन तासांच्या नोंदींचं हे काम अमेरिकी संगीतकार चार्ल्स डॉज यांनी १९७० मध्ये पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर केलं होतं. त्यांनी १९६१ सालच्या चुंबकीय हालचालींच्या नोंदी घेतल्या. तो निर्देशांकही दिवसातून आठ वेळा मोजतात आणि त्याच्या २८ पायऱ्या असतात. सात स्वरांची चार सप्तकं म्हणजेही २८. आकडा आणि स्वर यांचं माप असं नैसर्गिक जुळलं की ओढाताण करावी लागत नाही. आमच्या ४० आणि ४५ चंही तेच आहे.

तबल्यासाठी मी सांगलीचा पाऊस घेत नाही, कारण आमच्याकडचा पूर आमच्या पावसाने येत नाही. तो कोयनेच्या पाणलोटातून येतो: नवजा, महाबळेश्वर, कोयनानगर. यातलं एक पर्जन्यमापक केंद्र धरा. दोन दिवसांचा पाऊस एकत्र करा, दर ४० मिलिमीटरला एक ठोका. २०० मिलिमीटर झाला तर पाच ठोके. ते सोळा मात्रांत शक्य तितके समान पसरायचे. मात्रा शून्यापासून पंधरापर्यंत मोजा, प्रत्येक क्रमांकाला ठोक्यांच्या संख्येने गुणा, सोळाने भागा. बाकी ठोक्यांच्या संख्येपेक्षा कमी आली तर त्या मात्रेवर "धा", नाहीतर मोकळी. पाच ठोक्यांसाठी नेहमीच्या मोजणीने १, ५, ८, ११, १४ या मात्रा येतात. ४, ३, ३, ३, ३ असं वजन झालं, हाताला छान बसतं. पाऊस शून्य असेल तर फक्त समेवर एक. तबलजीला ठेका भरायचा मोह होतोच, त्याला आवरा.

तानांसाठी मात्र आपल्याकडची जुनी युक्ती आहे आणि ती मला सगळ्यात आवडते. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होता. दरबारात हिशेबाच्या खात्यात मोठ्या हुद्द्यावर. त्याने "संगीतरत्नाकर"मध्ये स्वरांचे प्रस्तार मांडले: सात स्वर प्रत्येकी एकदाच घेऊन ५०४० क्रम होतात. नुसता क्रमांक सांगितला तर तान कोणती, हे सगळी यादी न लिहिता काढायची रीतही त्याने दिली आहे. तिला "नष्ट" म्हणतात. उलट, तान सांगितली तर तिचा क्रमांक काढणं हे "उद्दिष्ट". म्हणजे कोणताही आकडा स्वरांत बदलायचं यंत्रच, फक्त विजेशिवाय.

सात स्वरांनी सुरुवात करू नका, चार घ्या: रे म प नि. क्रम होतात २४. आकडा घ्या कोयनेच्या विसर्गाचा. समजा धरणातून ३२,१०० क्युसेक सोडलेत. २४ ने भागा, बाकी १२. (बाकी शून्य आली तर २४ समजायची.) बारावी तान अशी काढायची: शेवटचा स्वर सहा-सहाच्या गटाने ठरतो. १ ते ६ मध्ये शेवटी नि, ७ ते १२ मध्ये प, १३ ते १८ मध्ये म, १९ ते २४ मध्ये रे. बारा म्हणजे शेवटी प, आणि त्या गटातला सहावा. उरले रे म नि. त्यांत शेवटचा स्वर दोन-दोनच्या गटाने: १-२ ला नि, ३-४ ला म, ५-६ ला रे. सहावा म्हणजे रे, त्या जोडीतला दुसरा. उरलेले म नि उलटे करून नि म. झाली तान: नि म रे प.

ही देसात खटकते. प्रस्ताराला राग कळत नाही, त्याला फक्त क्रम कळतो. म्हणून चाळणी लावायची, आणि तिचाही नियमच करायचा: नि नंतर लगेच म आला तर ती तान गाळून पुढचा क्रमांक. तेरावी रे प नि म, गळाली. चौदावी प रे नि म, तीही गळाली. पंधरावी रे नि प म, ही घ्या. दुगुणीत, म्हणजे दुप्पट लयीत, दोन मात्रांत बसते. मी ती विसर्ग बदलला त्या आवर्तनाच्या शेवटी टाकते, सम गाठण्याआधी. कोयनेचं पाणी कराडला कृष्णेत मिसळून खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे आधी तान ऐकू येते आणि पेटीवरचा आरोह मागाहून.

याच कारणाने दोन ओळींचा खेळही जमतो. कराडच्या कृष्णा पुलावरची पातळी एका वाद्यावर, आयर्विनची दुसऱ्यावर. कराडचे खुंटे मात्र वेगळे रोवायचे, तिथल्या स्वतःच्या इशारा आणि धोका पातळीवर. मग पहिलं वाद्य जो चढ घेतं तो दुसरं थोड्या मात्रांनी उचलतं. मध्ये येरळा नदीचं पाणी येऊन मिळतं, त्यामुळे नक्कल तंतोतंत होत नाही, आणि तेच बरं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचीही ओळ जोडता येईल, पण अलमट्टीवर बोलायला सांगलीकर बसला की गाणं राहतं बाजूला.

२०१९ चे आकडे बसवताना मी एक बंधन पाळते. ब्रह्मनाळ गावात पूरग्रस्तांची नाव उलटून माणसं गेली, त्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ताना नाहीत, तबला नाही, फक्त पेटीची ओळ विलंबित लयीत. आकडे परवानगी देतात म्हणून सगळं वाजवायलाच हवं असं नाही. हेसुद्धा पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

संगणकावर करायचं असेल तर तक्त्यात चार रकाने पुरतात: इंच, शेवटच्या वाजलेल्या नोंदीशी फरक, दिशा, स्वर. पायथन किंवा सोनिक पाय (कोड लिहून संगीत वाजवायचा प्रोग्रॅम) येत असेल तर स्वरांना मिडीचे क्रमांक, म्हणजे संगणकाला स्वर सांगायचे आकडे, द्या. काळी एकचा सा ६१ धरला तर रे ६३, ग ६५, म ६६, प ६८, ध ७०, नि॒ ७१, नि ७२, सां ७३. सप्तक बदललं की बारा अधिक किंवा उणे. संगणक नियम चोख पाळतो, पण प्रत्येक स्वर सुटा ठोकतो. तिसरा नियम, म्हणजे सूर धरून ठेवायचा, त्याला वेगळा सांगावा लागतो: तोच स्वर पुन्हा आला तर नवा पाठवू नको, आधीच्याची लांबी वाढव. हे राहिलं तर ओसरणाऱ्या पाण्याचा टाइपरायटर होतो.

वहीत शेवटी तीन गोष्टी एकत्र चिकटवून ठेवा: नियमांचं पान, नोंदींची यादी कुठून घेतली त्यासह, आणि आलेली ओळ. मग ओळ झाकून वही दुसऱ्या कुणाला द्या आणि नियमांवरून ती काढायला सांगा. वेगळी आली तर तुमच्या नियमात कुठेतरी फट आहे. बहुतेक वेळा ती "जवळचा स्वर" या शब्दांत असते, नाहीतर चढ कुठे संपला आणि उतार कुठे लागला, या वळणावर.